गाठ मारलेलं पान

काका दारात चपला काढत होते तेव्हाच त्यांना वास आला. एक पाय अजून चपलेत, एक हात भिंतीला, आणि मान जरा वर करून म्हणाले, "आंबेमोहोर?" मी आत कुकरचं झाकण नुकतंच काढलं होतं. चष्म्यावर वाफ, हातात फडकं, बाजूला गॅसवर अळूचं फदफदं उतू जायच्या बेतात. "हो," म्हटलं. विचार करून म्हटलं असं नाही, आलं तोंडातून. काकांनी पहिला भात वरण-तूप-लिंबाशी खाल्ला, दुसरा नुसत्या तुपाशी. मग, आमच्याकडे आजवर कधीही काही मागून न घेतलेल्या या माणसाने ताट पुढे केलं. "सूनबाई, अजून थोडा वाढ. वरण नको, तूप नको. नुसता दे." मी वाढला. नवरा माझ्याकडे बघत होता, मी पळीकडे बघत होते. भात कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा कोलम होता.

आंबेमोहोराचा त्यात दाणासुद्धा नव्हता.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पुण्यात आंबेमोहोर म्हणून आंध्रातला जिरा सांबर सर्रास खपतो, हे दुकानदाराला माहीत असतं आणि आपल्यालाही. दोघंही पिशवीवरचं नाव वाचून गप्प बसतो. पण काका मुळशी खोऱ्यातले. सासऱ्यांचे चुलत भाऊ, वय 84. त्यांच्या आजोबांची खाचरं धरणात गेली. 1921 साली सेनापती बापटांच्या मागोमाग धरणाच्या कामावर जाऊन बसलेल्या मावळ्यांत ते आजोबा होते, असं घरात सांगतात. सत्याग्रह तीनेक वर्षं चालला, मग मोडला, पाणी चढलं, आणि डोंगराच्या अंगाला वर दोन तुकडे तेवढे उरले. काकांनी लहानपणी राब भाजला, तरवा लावला, तो त्या दोन तुकड्यांत. त्या दिवशी हात धुऊन ते खुर्चीत बसले आणि सांगत राहिले: भात निसवायला लागला की बांधावरून जातानाच वास यायचा. शाळेतून येताना डोळे मिटून चालायचं, आणि वास आला की म्हणायचं, आलं आपलं खाचर. बरोबरची पोरं पैज लावायची. "तो वास आज आला बघ," म्हणाले. मी सुपारी कातरून देत होते. अडकित्त्यात बोट सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान उठून आत जायला निमित्त मिळालं असतं.

वास ज्याचा होता ती वस्तू तेव्हा सिंकमध्ये, पातेल्याच्या झाकणाखाली पडलेली होती. वीतभर लांबीचं एक पान, मधोमध गाठ मारलेलं, शिजून शेवाळी रंगाचं झालेलं. वाढायच्या आधी ते काढून लपवायचं ही सवय माझी नाही. ती आत्याची.

आत्याचं घर राजापूरच्या पुढे, खाडीच्या अंगाला. न्हाणीघराच्या मागून आंघोळीचं पाणी पोफळींकडे वाहत जायचं आणि त्या पाटाच्या कडेला, कायम ओल्या चिखलात, या झुडपांचा एक घोळका होता. लांब तलवारीसारखी पानं, मध्ये होडीच्या तळासारखी दुमड, रंग झळझळीत हिरवा. केवड्याच्याच कुळातलं, पण केवड्यासारखे काटे नाहीत, बन माजवणं नाही, नागाच्या गोष्टी नाहीत, फुलाचा तोरा तर नाहीच नाही. गरीब चुलतभाऊ. आत्या त्याला 'वासाचं पान' एवढंच म्हणायची. आता पुण्याच्या नर्सरीत कुणी अन्नपूर्णा म्हणतं, कुणी बासमतीचं झाड. बंगाली लोकांत हे पोलाव पाता, केरळात बिर्याणी कैता, श्रीलंकेत रंपे. जिथे जिथे गेलं तिथे लोकांनी त्याला भाताच्या हंडीशीच नेऊन बांधलं, ही मला मोठी मजा वाटते. स्वतःचा म्हणून वास याला कुणी दिलाच नाही. कायम दुसऱ्या कुणासारखा.

आत्याकडे रेशनचा तांदूळ यायचा. लालसर, खडे असलेला, पोत्याचा आणि गोदामाचा कोंदट वास मारणारा. घरच्यांसाठी तोच शिजायचा, आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्यासाठीही तोच. फरक एवढाच की त्या दिवशी आधण ठेवलं की आत्या मला मागल्या दारी पिटाळायची. "खालचं पान काढ, कोवळं नको." कोवळ्याला वास कमी, हे तिने सांगितलं नव्हतं, ते मला नंतर कळलं. मी आणलेलं पान ती ओच्याला पुसायची, बोटाभोवती फिरवून त्याची गाठ मारायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. तांदूळ त्यानंतर वैरायचे. थोड्या वेळाने स्वयंपाकघराचा वासच बदलायचा. ओली माती, भाजलेलं काहीतरी, दूध आटवताना कडेला येतो तसा एक गोडसरपणा. भात झाला की पळीने ती गाठ बाहेर काढायची आणि चुलीत सारायची. पुरावा जळून जायचा. "सांगायचं नसतं गो सगळं. कुणी विचारलं तर हसायचं."

मी एकदा सांगितलं. नऊ वर्षांची असेन. पंगत बसली होती, मुंबईचे एक पाहुणे भाताचा घास नाकाजवळ नेऊन म्हणाले, "वहिनी, तांदूळ फर्मास हां, कुठला आणवता?" आणि मी, काहीतरी ठाऊक असल्याच्या आनंदात, ओरडून म्हटलं, "रेशनचाच आहे! आत्या पान घालते त्यात!" कुणी काही बोललं नाही. एकजण हसला, तोही घाईघाईने गप्प झाला. पाहुण्यांनी घास तोंडात घातला आणि "छान, छान" म्हणाले, पण आता ते 'छान' आजाऱ्याला म्हणतात तसं होतं. आत्या तूप वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पंगतीच्या शेवटापर्यंत तिने तूप वाढलं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मला ती रागावली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. त्याचा त्रास मला अजून होतो. एक धपाटा घातला असता तर हिशेब तिथेच मिटला असता.

तेव्हा काकांना मी 'हो' म्हटलं ते खोटं बोलायची हौस म्हणून नव्हे. खरं बोलल्यावर पंगत कशी गप्प होते ते मला माहीत होतं. आता एवढं समजावल्यावर मन शांत व्हावं की नाही? ते नाही झालं.

हे झाड आमच्या बाल्कनीत आलं त्याचीही एक फसवणुकीचीच कथा आहे, फक्त तिथे फसलेली मी होते. आत्या थकली तेव्हा मला अचानक त्या पानाची हुक्की आली आणि मी शहरातल्या एका नर्सरीतून दीडशे रुपयांना 'बासमती' आणलं. पानांना पांढरे पट्टे, कडेला बारीक काटे. मालक म्हणाले, मोठं झालं की वास येतो. मी त्याला शेणखत घातलं, ताक पाजलं, दोन पावसाळे वाट बघितली. झाड जोमाने वाढलं, पडदे फाडले, मोलकरणीच्या हाताला ओरखडे काढले, आणि भातात घातलं तेव्हा उकडलेल्या दोरखंडासारखा वास आला. शोभेचा केवडा होता तो. अजून आहे, खाली सोसायटीच्या फाटकाशी लावलाय, वॉचमनला फार आवडतो.

खरं झाड आणलं ते आत्या गेल्यानंतर. घर बंद, न्हाणीचं पाणी वाहायचं थांबलेलं, पोफळींच्या माना पडलेल्या. मला वाटलं होतं पान केव्हाच वाळून गेलं असेल. घोळका आटला होता खरा, पण मध्यात पाचसहा झुडपं तग धरून होती, बुंध्यातून काठ्यांसारखी मुळं जमिनीकडे सोडून उभी. चुलतभावाने कोयत्याने तीन पिल्लं सोडवून दिली. पोफळीच्या विरीत ओली माती घालून त्यात ती गुंडाळली, वर सुंभ बांधला, आणि रात्रभराच्या एसटीत मी ते बाळंतविडा धरावा तसं मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे? म्हटलं, आत्याकडचं. त्यांना उत्तर पुरेसं वाटलं.

पुण्यात ते सुखात आहे असं मी म्हणणार नाही. तिघांतलं एक पहिल्याच डिसेंबरात गेलं. याला थंडी मुळीच खपत नाही; रात्रीचा पारा 10 च्या खाली उतरला की टोकं आधी पिवळी, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखी. दुसऱ्याला पिठ्या ढेकणाने धरलं. पानं जिथे एकमेकांत शिरतात त्या बेचक्यांत तो कापसासारखा बसतो, वरून दिसतही नाही. मी रोज सकाळी कान कोरायच्या काडीला निंबोळी तेल लावून एकेक बेचकं पुसत असे, आणि नवरा पेपराआडून विचारत असे, "आज पेशंट कसा आहे?" कडक ऊन लागलं की पानं फिकटतात, सावली फार झाली की लांबुडकी होऊन लोळतात. शेवटी वॉशिंग मशीनशेजारच्या कोपऱ्यात, जिथे फक्त सकाळचं ऊन तिरकं येतं आणि फरशी कायम ओली असते, तिथे ते रमलं. म्हणजे फिरून मोरीच्या पाण्याशीच आलं. मी महागाचं कोकोपीट आणलं होतं, ते शेजारणीला देऊन टाकलं.

याला बी नसतं. फूलही जवळजवळ येतच नाही. पूर्वेकडच्या मलुकू बेटांत नराचा फुलोरा क्वचित दिसल्याची नोंद आहे, मादीचं झाड तर वनस्पतिशास्त्रज्ञांना सापडलेलंच नाही. म्हणजे जगात हे पान जिथे कुठे आहे तिथे कुणीतरी कुणाकडून तरी पिल्लू मागून आणलं म्हणून आहे. वारा नाही, पाखरू नाही, फक्त माणसाचा हात. आत्याला ते कुणी दिलं ते मी कधी विचारलं नाही. माझ्या कुंडीतलं झाड हे आत्याच्या झाडाचं मूल नाही, ते तिचंच झाड आहे, जरासं लांब सरकलेलं. रात्री मशीनमधले कपडे काढताना पान दंडाला घासतं तेव्हा हे आठवतं, आणि कधीकधी मी उगाचच कपडे सावकाश काढते.

गंमत म्हणजे तसं घासून काही वास येत नाही. ताज्या पानाला वास जवळपास नसतोच. चुरगाळलं तर हिरवा, गवताचा. ते शिजावं लागतं, नाहीतर सुकत यावं लागतं. मान टाकायला लागलं की मग ते बोलू लागतं. माझी भाची सिंगापूरला असते. तिथे याच्या जुड्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीसारख्या मिळतात, केक करतात हिरवागार, नारळाच्या दुधातल्या भातात घालतात. ती सांगत होती, टॅक्सीवाले मागच्या काचेशी जुडी टाकून ठेवतात, झुरळं येऊ नयेत म्हणून, आणि दोन दिवसांनी गाडीत बसलं की आजोळच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटतं. झुरळांनाही तो वास येत असणार, त्यांना आवडत नाही एवढंच.

काकांच्या प्रसंगानंतर मी या वासाच्या मागेच लागले. अपराधी माणूस कायद्याची पुस्तकं वाचतो तसं. त्या वासाच्या रेणूचं नाव 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. बासमतीत तोच, आंबेमोहोरात तोच, या पानात तोच, आणि पानात सुवासिक तांदळाच्या सुमारे दसपट. पावाच्या खरपूस कडेत तो असतो, मक्याच्या लाह्यांत असतो. वाघ झाडावर फवारा मारून आपली हद्द आखतो त्यातही तो असतो. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओडिशातल्या खैरी नावाच्या माणसाळलेल्या वाघिणीपासून हा शोध सुरू केला, तिच्या अंगणात त्यांना सुवासिक तांदळाचा वास आला होता. हे वाचल्यापासून कुकर उघडताना मला दरवेळी एक वाघीण आठवते, त्याला इलाज नाही. आणि भाताबद्दलची एक गोष्ट तर मला फारच आवडली. सुवासिक जातींत वास तयार करणारं काही खास जनुक नसतं. उलट एक जनुक मोडकं असतं. ते धड असतं तर वासाचा कच्चा माल त्याने परस्पर दुसरीकडे लावला असता. ते बिघडलंय म्हणून माल साचतो आणि त्याचा वास होतो. बहुतेक सुवासिक भातांची मूळ गोम हीच आहे, हे 2005 साली कळलं. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो त्याच्या मुळाशी एक बिघाड.

तर रेणू तोच. मग खोटं कसलं? मी हे सगळं नवऱ्याला रात्री समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग काकांनाही सांगून टाक. रेणू तोच आहे म्हणावं." दिवा मालवून झोपला.

दिवाळी झाल्यावर काकांचा फोन आला. त्यांच्या भाच्याने गावाहून आंबेमोहोर पाठवला होता. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी हा नवा वाण आणला, आंबेमोहोरातूनच काढलेला, उतारा चांगला, आणि त्यानंतर जुना आंबेमोहोर लावायला फारसं कुणी धजत नाही. तो उंच होतो, वाऱ्याने लोळतो, पोतीही कमी भरतात. भाचा घरच्यापुरता अर्धं खाचर लावतो. त्यातले चार किलो काकांनी कापडी पिशवीत घालून, तोंड सुतळीने शिवून, नातवाच्या हाती आमच्याकडे धाडले. "तू आंबेमोहोर आवडीने करतेस. दुकानातला किती दिवस आणणार?" पिशवी मी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ उघडली नाही.

पुढच्या रविवारी काका-काकू दोघंही जेवायला. मी तांदूळ धुतले: बुटका, पांढुरका दाणा, पाणी लगेच दुधासारखं. पातेल्यात शिजवला, कुकर नाही, उगाच धोका नको. झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. वास होता. पण अगदी लाजरा, दाराआड उभ्या राहिलेल्या मुलीसारखा. आहे म्हटलं तर आहे. तांदूळ मागच्या हंगामाचा होता, आणि हा वास उडून जाणारा, साठवणीत तो दिवसेंदिवस विरत जातो, हे मी एव्हाना पुस्तकी पाठ केलं होतं. हात कात्रीकडे गेला. बाल्कनी चार पावलांवर. अस्सल आंबेमोहोरात पान घालायचं म्हणजे, म्हटलं, आत्यासुद्धा एवढं धाडस करती ना. कात्री परत ठेवली.

काका जेवले. भात मऊ, गिचका, तुपाशी जिभेवर विरघळणारा; चवीला माझ्या कोलमपेक्षा किती तरी सरस, हे मी आजही सांगेन. काकूंनी दोनदा घेतला. काका घास घ्यायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायचे. दुसरा भात त्यांनी घेतला नाही. ताटाभोवती बोट फिरवत म्हणाले, "चांगला आहे. भाच्याने मन लावून केलाय. पण सूनबाई, राग मानू नकोस, त्या दिवशी तू केलेलास ना, तो खरा. आमच्या खाचरातला तो."

मी उठले. बाल्कनीत जाऊन खालचं एक जुनं पान कात्रीने कापलं, पदराला पुसलं, आणि ताटाशेजारी त्यांच्यापुढे ठेवलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, रेणूबिणू सगळं, पण एवढंच म्हटलं, "काका, त्या दिवशी तांदूळ साधा होता. हे घातलं होतं." काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. काकांनी पान हातात घेऊन उलटसुलट केलं, चष्मा वर सरकवून पाहिलं, नाकाला लावलं. पुन्हा लावलं. "याला कसला वास? गवत आहे हे." माझ्याकडे असं बघितलं की चेष्टा करते आहे की काय. मी काही बोलले नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही. विडा खाल्ला, उठले, जाताना दारात चपला घालायच्या आधी ते पान बोटाभोवती गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं, बसचं तिकीट टाकावं तसं.

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला. एवढ्या लवकर काकांचा फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

"सूनबाई, सदरा खुंटीवर आहे. खिशातून बांधावरचा वास येतोय गं. रात्रीपासून येतोय."

मी हूं म्हटलं.

"काकू धुवायला घेऊन निघाली होती. म्हटलं, ठेव. दोन दिवस असू दे तिथेच."